मनात आलेल्याची माफी

“भाऊ, तुमची एक माफी मागाची हाय,” असं म्हणून ते आधी चष्मा काढायचे. चष्म्याशिवाय त्यांना हाताच्या अंतरापलीकडचं धड दिसत नसे. समोरच्याचा चेहरा स्वच्छ दिसला की माफी मागायचा धीर होत नाही, म्हणून ही सोय. चष्मा सदऱ्याच्या खिशात जायचा, मान जराशी खाली व्हायची आणि मग तुमच्याबद्दल त्यांच्या मनात काय आलं होतं ते ते तुम्हाला सांगायचे. बोललेलं, केलेलं काही नसायचं. नुसतं मनात आलेलं.

माझी पाळी नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात आली. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. पांढुर्ण्याच्या स्टेशनवर पार्सल ऑफिसात मी नवा बाबू म्हणून लागलो होतो आणि ते तिथले मोठे बाबू. सकाळी मी खुर्चीवर टेकतो न टेकतो तोच चष्मा निघाला. “काल तुमी जांभई देल्ली, तवा माह्या मनात आलं का हा पोरगा वशिल्यानं लागला असन. माफ करजा.”

मी वशिल्यानं लागलेलो नव्हतो. पण कुणी तसं म्हणालंही नव्हतं, तेव्हा रागावणार कशावर? मी म्हणालो, “काही हरकत नाही.” ते मोकळे होऊन बाहेर पेट्या बघायला गेले. मी मात्र दिवसभर विचार करत राहिलो की आपली जांभई वशिल्याची दिसते म्हणजे नेमकी कशी दिसते. संध्याकाळपर्यंत मी एकही जांभई दिली नाही.

आम्ही बौद्ध. मनावर लक्ष ठेवावं, हे मी विहारात लहानपणापासून ऐकत आलो होतो. पण लक्ष ठेवून जे सापडेल ते ज्याच्याबद्दल सापडलं त्याच्याकडे नेऊन पोचतं करायचं, हे कुठे ऐकलं नव्हतं. म्हणून मी त्यांच्याकडे जरा जास्तच बघू लागलो. तुम्हीही बघितलं असतंत.

संत्र्याच्या हंगामात आमच्या ऑफिसात पाय ठेवायला जागा नसायची. दाराबाहेर पेट्यांच्या थप्प्या, गवताचा आणि सालीचा वास, काळ्या शाईत ब्रश बुडवून पेट्यांवर गावांची नावं घालणारे व्यापाऱ्यांचे नोकर आणि थोडाच वेळ थांबणारी गाडी. अशा घाईत माणूस चिडतोच. हमालांच्या मुखियाकडून मला कळलं की बाबूही पूर्वी चिडायचे, आणि चिडायचे म्हणजे कसे. “तोंडातून शिवी नाही निघे,” मुखिया म्हणाला, “पण पावतीबुक असं आपटे का प्लॅटफॉर्मवरचे कुत्रे उठून जाये.” मग एक दिवस आपटणं बंद झालं आणि माफ्या सुरू झाल्या. मुखियाला जास्त सोसवत नव्हत्या त्या माफ्याच. पावतीबुक आपटलं तर काय करायचं हे त्याला माहीत होतं.

बाबूंचं घराणं शेजारच्या सौसरचं, आजोबांपासून ख्रिस्ती. पांढुर्ण्यात त्यांच्या लोकांची चार-पाच घरं. रविवारी दुपारी त्यांच्या क्वार्टरमध्ये सगळे जमून शास्त्राभ्यास, म्हणजे बायबलचा अभ्यास, करायचे. सरकारी दवाखान्यातल्या एक सिस्टर, एक शिंपी, शाळेतल्या एक म्हाताऱ्या बाई. महिन्यातून एकदा छिंदवाड्याहून चर्चचे पाळकसाहेब बसनं यायचे. बाबूंनी मलाही बोलावलं. म्हणाले, “आमच्या मंडळीत सारे एकमेकाले चांगलंच म्हनते. तुमी बाहेरचे हाय, दिवसभर माह्यासंग असता. माह्यात फरक पडून राहिला का नाही, ते तुमी पाहा.” मी दाराजवळ बसून चहा-चिवडा खायचो आणि फरक पाहायचो.

त्यांचा अभ्यास कितीतरी आधीपासून एकाच वचनावर अडकला होता. जगाचा साचा आपल्यावर बसू देऊ नये, मन नवं होऊ द्यावं, म्हणजे माणूस आतून पालटतो, असा काहीसा त्याचा अर्थ. बाकीच्यांना ते वचन कळलं होतं. सिस्टर म्हणायच्या, रोज वाचत राहिलं की होतं आपोआप. शिंपी म्हणायचा, वाईट संगत सोडली की झालं. बाबू म्हणायचे, “हात आवरता येते. जीभ आवरता येते. आता मी आवरलीच ना? पण मन जागच्या जागीच हाय. ते नवं कराचं म्हणजे कराचं काय?” यावर म्हाताऱ्या बाई गीत सुरू करत.

उत्तर मिळालं नाही तेव्हा, मी यायच्या आधीच, बाबूंनी स्वतःची एक रीत काढली होती. वाईट विचार आला की त्याला धरायचा आणि ज्याच्याबद्दल आला त्याच्यापुढे नेऊन उभा करायचा. त्यांचं म्हणणं असं की एकदा लाज वाटली की तो विचार परत यायला धजत नाही. ऐकायला ठीक वाटतं. पण लाज वाटायची त्यांना आणि राग यायचा लोकांना, ही गोष्ट त्यांच्या ध्यानातच येत नव्हती.

मोहगावचे एक संत्र्याचे व्यापारी होते. शनिवार आला की जामसांवलीच्या मारुतीला जायचे, कधी चुकायचे नाहीत. एका शनिवारी ते कपाळाला शेंदूर लावून पेट्या पाठवायला आले. बाबूंचा चष्मा निघाला. “शेठजी, तुमची एक माफी मागाची हाय. आता तुमाले पाहून माह्या मनात आलं का हे देवाले जाते अन् पेटीत खाली सडका माल भरते.”

शेठजी लाल झाले. “कोन म्हनते?”

“कोनी नाही म्हनत. माह्या मनातच आलं.”

“कायले आलं?”

“तेच तर मले समजून नाही राहिलं. म्हनून माफी मागून राहिलो.”

शेठजी पावती न घेताच निघून गेले. मग पावतीसाठी परतही आले, कारण पावतीशिवाय माल सुटत नाही. येताना पेटीतली चार संत्री घेऊन आले आणि ती टेबलावर आपटून म्हणाले, “फोडा.” बाबूंनी फोडली. संत्री उत्तम होती. आम्ही सगळ्यांनी खाल्ली. शेठजी जाताना माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, “तुमच्या बाबूले सांगजा, मनातलं मनातच ठेवत जाय म्हना. आमी काय मनातलं सांगत फिरतो का?”

मुखियानं मात्र वेगळाच मार्ग काढला. एकदा बाबूंनी त्याची माफी मागितली, की तू दारू पिऊन आला असशील असं मनात आलं. मुखिया म्हणाला, “बाबू, मग माही बी ऐका,” आणि गेल्या कित्येक वर्षांत बाबूंबद्दल त्याच्या मनात काय काय आलं होतं ते त्यानं पेटीवर बसून सांगायला घेतलं. सांगता सांगता गाडी आली, पेट्या चढल्या, गाडी गेली, आणि तो परत येऊन पुढचं सांगू लागला. बाबूंचा चेहरा फुलून आला होता. मला वाटलं, हा माणूस एक तर फार मोठा आहे, नाही तर याला डॉक्टरकडे न्यायला हवं. यातलं कोणतं, ते मी तेव्हा ठरवू शकलो नाही.

हळूहळू लोक त्यांना टाळू लागले. त्यांचा हात चष्म्याकडे जाताना दिसला की माणसं दुसऱ्या प्लॅटफॉर्मवर कामं काढायची. स्टेशनमास्तरांनी सांगितलं की कामाच्या वेळात माफी मागायची नाही. आणि शेवटी हे पाळकसाहेबांच्या कानावर गेलं.

त्या रविवारी मी दाराजवळ होतो. पाळकसाहेब मवाळ माणूस. ते म्हणाले, “बाबू, पश्चात्ताप देवापुढे करा. मनात आलेलं माणसाच्या गळ्यात बांधू नका. तुम्ही हलके होता आणि तो बिचारा ओझं घेऊन जातो.”

बाबू म्हणाले, “साहेब, देवाले तर पयलेच माहीत असते. त्याले सांगून मले लाज नाही वाटत.”

“लाज वाटणं म्हणजे मन नवं होणं नव्हे.”

“मंग काय व्हय?”

पाळकसाहेबांनी उत्तर दिलं. चांगलं सविस्तर दिलं. वचनाच्या सोबतीत राहिलं, प्रार्थना केली, की जसं पाणी मुरतं तसं ते मुरतं, आपण उकरून बघायचं नसतं, असं काहीतरी. मला ते त्या वेळी पटलं होतं. बाबूंना पटलं की नाही कोण जाणे. पण त्यांनी माफ्या बंद केल्या.

आणि ते सुकत चालले. जेवणाचा डबा उघडायचा आणि तसाच बंद व्हायचा. हात चष्म्यापर्यंत जायचा आणि मागे फिरायचा. मला त्यांच्या माफ्यांचा कंटाळा आला होता हे खरं, पण त्यांना असं बघताना मला वाटे, यापेक्षा माझ्या जांभयांच्या माफ्या बऱ्या होत्या.

डिसेंबरातली एक दुपार. पार्सलची गाडी नुकतीच गेली होती आणि हमाल जेवायला बसले होते. बाबू रिकाम्या पेटीवर बसले होते. त्यांनी मला जवळ बोलावलं. “भाऊ, तुमाले एक विचारतो. पोरगा नाताळले येऊन राहिला.”

त्यांचा मुलगा नागपूरला एका गॅरेजात होता आणि घरी फारसा येत नसे, एवढं मला माहीत होतं. आधी त्यांना दोन मुलगे होते, हेही ऐकलं होतं. थोरला हुशार, कॉलेजात होता. मोतीझिऱ्याच्या तापानं गेला. धाकटा तेव्हा मॅट्रिकला नापास होऊन गावभर पत्ते खेळत फिरायचा.

“थोरल्याले सौसरच्या कबरस्तानात ठेवलं,” ते म्हणाले, “माती देऊन झाली. धाकटा समोर उभा होता, बाह्या वर करून. तवा माह्या मनात आलं.” त्यांनी चष्मा काढला, पण तो खिशात ठेवायचं विसरले. “आलं का त्याच्या जागी हा जाता तर.”

मी त्यांच्या शेजारी पेटीवर बसलो.

“ते काही गेलं नाही भाऊ. पोरगा दारात आला का ते येते. त्याचं पत्र आलं का येते. त्याले बी समजत असन, म्हनून तो येत नाही. मी वचनाले धरलं ते याच्यासाठी. मन नवं होते म्हनते ना, तर हे एक जाऊ दे बापा, बाकी सारं जुनं राहिलं तरी चालन. मंग म्हटलं, लहान लहान इचार काढून पाहू. जांभईचा, शेठजीचा, मुखियाचा. लहान निघाले का मोठा निघन. निघून नाही राहिला.”

म्हणजे सगळं गाव त्यांनी यासाठी दुखावून ठेवलं होतं. मला त्यांची इतकी दया आली की मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, जो मी एरवी मोठ्या बाबूंच्या खांद्यावर कधीच ठेवला नसता.

“सांगू का त्याले?” त्यांनी विचारलं. “साऱ्याइची मागितली अन् त्याचीच नाही मागितली, तर मग हे सारं ढोंगच झालं. अन् सांगतलं तर तो पुन्हा घरी येईन का? तुमी काय म्हनता?”

मी म्हणालो, “वहिनींना विचारा.”

“तिले माहीत नाही. तिले कसं सांगू? ते दोघंबी तिचेच होते.”

एकदा वाटे, सांगून टाकावं, माणूस मरत चाललाय. एकदा वाटे, अशी गोष्ट ऐकून मुलगा काय करेल? घरी येऊन मी बायकोला नाव न घेता विचारलं, तर ती म्हणाली, सांगायलाच पाहिजे. आणि भाकरी उलटवून होईपर्यंत म्हणाली, छे, मुळीच सांगू नये. म्हणजे दोघांनी मिळूनही आम्हाला उत्तराचा पत्ता लागत नव्हता.

नाताळच्या दिवशी त्यांनी मला जेवायला बोलावलं. वहिनींनी करंज्या केल्या होत्या, मटण केलं होतं, दाराला कागदाचा तारा टांगला होता. मुलगा पॅसेंजरनं आला होता. हाताच्या नखांत ग्रीस, बोलणं कमी, आईच्या मागेमागे स्वयंपाकघरात जाऊन भांडी उचलून देणारा. बापाच्या समोर मात्र तो अंग चोरून बसायचा. आम्ही जेवायला बसलो. शिंपी होता, सिस्टर होत्या. बोलणं चाललं होतं आणि मी बघितलं, तर बाबूंचा हात चष्म्याकडे गेला.

चष्मा निघाला. शिंप्याचं बोलणं थांबलं. गावातल्या सगळ्यांना ठाऊक होतं की आता काय होणार, फक्त कुणाची पाळी ते माहीत नव्हतं. बाबूंनी मुलाकडे तोंड केलं. मुलानं घास तसाच हातात धरला.

मग बाबूंनी धोतराच्या सोग्यानं चष्म्याची काच पुसली, चष्मा परत डोळ्यांवर चढवला आणि मुलाच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं. असं बघत राहिले की मुलगा लाजला. “भात घे अजून,” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात ते माझ्या आधी आले होते. “नाही सांगतलं,” म्हणाले.

“पाहिलं मी.”

“आता मले सांगा भाऊ, तुमी बाहेरचे हाय. हे मन नवं झालं म्हनून झालं का मी भेलो म्हनून झालं?”

मी त्यांनाच विचारलं, काल काय वाटलं.

“त्याच्याकडं पाहिलं तवा तो इचारच आला नाही. पयल्यांदाच. मी वाट पाहिली, आता येईन, आता येईन. नाही आला. मंग माफी कायची मागू? जो आलाच नाही त्याची?” ते थोडे हसले आणि लगेच त्यांचा चेहरा पडला. “पण लपून बसला असन तर?”

फरक पाहायला मला ठेवलं होतं आणि फरक डोळ्यांसमोर होता, पण तो कशाचा फरक ते मला सांगता येईना.

त्यानंतर मुलगा जास्त येऊ लागला. कधी महिन्यानं, कधी मधल्या रविवारीही. तो आला की दुसऱ्या दिवशी मी न विचारताच बाबू मला सांगायचे, “आला नाही.” मुलगा तर आलेला असायचा. आला नाही तो कोण, ते मला समजायचं. एकदा म्हणाले, “आला होता, पण दारातूनच गेला.” एकदा काहीच बोलले नाहीत, आणि त्या दिवशी मीही विचारलं नाही. रविवारचा अभ्यास त्यांनी सोडला नाही. मंडळी पुढच्या वचनांवर गेली, त्याच्याही पुढे गेली. बाबूंची खूण त्याच पानावर होती. जेवणाचा डबा मात्र आता पूर्ण रिकामा व्हायचा. कधीकधी करंज्या उरल्या तर मला मिळायच्या.

पुढच्या वर्षी थंडी सरता सरता ते गेले. सकाळी उठलेच नाहीत. संत्र्याचा माल बाहेर पडून होता आणि तरी सगळे हमाल सौसरला मातीला आले. मोहगावचे शेठजीही आले. थोरल्याच्या शेजारीच त्यांना ठेवलं.

काही दिवसांनी मुलगा पार्सल ऑफिसात आला. आईला नागपूरला घेऊन जायचं होतं आणि सामान पाठवायचं होतं. पलंग, शिवणयंत्र, भांड्यांची पेटी. मुखियानं सगळं नीट बांधून दिलं. काम झाल्यावरही मुलगा उभाच राहिला. मी त्याला बाकावर बसवलं आणि चहा मागवला.

“काका,” तो म्हणाला, “मातीले आले त्यातला एक एक जन मले सांगून राहिला होता. बाबांनी माही माफी मागितली होती, बाबांनी माही बी मागितली होती. शेठजी तर रडून राहिले होते. साऱ्या स्टेशनची मागितली. माही कधीच नाही मागितली.”

मी चहाचा कप त्याच्याकडे सरकवला.

“तरास तर मीच सगळ्यात जास्त देल्ला. मग माह्याबद्दल त्यांच्या मनात काही आलंच नसन का?” आणि मी काही बोलायच्या आत तोच पुढे म्हणाला, “भाऊ गेला तवा तर आलं असन. तवा मी तिथं उभा होतो अन् मलेच वाटून राहिलं होतं का त्याच्या जागी मी जायले पायजे होतो. बाबांले नसन वाटलं?”

त्याचे डोळे थेट माझ्यावर होते. चष्मा त्याला नव्हता. असता तर मी त्याला तो काढायला सांगितलं असतं.

“नाही,” मी म्हणालो. “तुझ्याबद्दल त्यांच्या मनात तसं नव्हतं.”

त्यानं मान हलवली. चहा पिऊन घेतला, कप बाकाखाली ठेवला आणि बाहीनं तोंड पुसलं. गाडीची घंटा झाली तसा तो उठून आईकडे गेला.

मी खरं बोललो की खोटं, ते मला आजही सांगता येत नाही. बाबूंचं मन शेवटी नवं झालं असेल, तर मी खरं बोललो. झालं असेल, असं मी धरून चालतो.